काचेआड झोपायची नोकरी

एकतीस वर्षं त्याने पोती उचलली. आता अकरा वर्षं होत आली, तो गाद्या शिवतो. या दोन्हींच्या मध्ये सात दिवस असे गेले की त्याला फक्त झोपायचं काम होतं, आणि त्याला विचाराल तर सगळ्यांत अवघड काम तेच.

गोदामात सगळे त्याला डुलक्या म्हणायचे. नाव उगाच पडलेलं नव्हतं. तिथल्या हमालांचा एक रिवाज होता. ट्रक रिकामा करताना शेवटचं पोतं ज्याच्या पाठीवर येईल त्याने ते थप्पीला लावायचं आणि पुढचा ट्रक लागेपर्यंत त्याच पोत्यावर आडवं व्हायचं. झाडलोट बाकीच्यांनी करायची. तरी बहुतेक जण शेवटचं पोतं टाळायचे, कारण तोवर पोटऱ्यांत गोळे आलेले असायचे. डुलक्या ते मागून घ्यायचा. पोतं टाकलं की त्यावर अंग टाकायचा आणि दहा मोजेपर्यंत मेल्यासारखा झोपायचा. कानाशी हातगाड्या खडखडत, मुकादम कुणाचा तरी उद्धार करत असायचा, याला पत्ता नसायचा. पुढचा ट्रक फाटकात वळला की मात्र कुणी हाक न मारता उठून उभा.

मग कंबर गेली. एका सकाळी पोतं पाठीवर घेतलं आणि तो खाली बसला तो बसलाच. डॉक्टरांनी सांगितलं, भरल्या बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. मुकादम तोंडाचा फाटका, पण मनाचा वाईट नव्हता.

"अरे डुलक्या, तुला ठेवून करू काय? बादल्यांचं गोदाम नाही आपलं," तो म्हणाला.

दोघंही हसले आणि मग दोघांनीही खाली पाहिलं.

घरी बायको लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. ती दिवसभर उभी आणि हा दिवसभर बसलेला. त्याला ते बघवेना. गठ्ठे बांधून देऊ लागला, पण गठ्ठे बांधायला असा किती वेळ लागणार? आणि आठवडाभरात एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, ती त्याने कुणाला सांगितली नाही. झोप गेली होती. पडून राहायचा, डोळे मिटायचा, कूस बदलायचा. सकाळी उठायचा तेव्हा अंग शिणलेलं नसायचं आणि ताजंही नसायचं. दोन महिने असेच गेले.

अशात ती मुलगी दारात आली. मोठ्या रस्त्यावर गाद्यांचं एक जुनं दुकान होतं, तिथल्या बाईंची ती लेक. ती एका जाहिरात कंपनीत होती. लोकांनी चालता चालता थबकावं अशा गोष्टी करणं हाच तिचा धंदा. एकदा तिने बसथांब्यावर खराखुरा सोफा ठेवला होता. एकदा बूट विकणाऱ्यासाठी रस्ताभर पावलांचे ठसे उमटवले होते, ते त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन संपायचे. आता तिच्या आईच्याच दुकानासमोर फोमच्या गाद्यांची मोठी शोरूम झाली होती आणि आईकडे गिऱ्हाईक फिरकेना. म्हणून लेकीने आठवड्याची रजा काढली होती.

"काका, गेल्या वर्षी मी कापसाच्या गाठी न्यायला तुमच्या गोदामात आले होते," ती म्हणाली. "तुम्ही पोत्यावर झोपला होतात. एवढ्या गोंगाटात. मी दहा मिनिटं बघत उभी होते."

"मग?"

"तेच करायचंय. आमच्या दुकानाच्या काचेत गादी टाकणार. सात दिवस, सकाळी दहा ते पाच, तुम्ही तिथे झोपायचं. खरोखरचं. बाहेर पाटीवर रोज लिहिणार, आज किती तास झोप झाली. एकतीस वर्षं पोत्यावर झोपलेला माणूस आमच्या गादीवर कसा झोपतो ते लोकांना बघू दे."

बायकोने इस्त्री उभी केली आणि त्याच्याकडे पाहिलं. दोन महिने ती शेजारीच झोपत होती, तिला काय सांगायचं? त्याने नजर चुकवली.

"येतो," तो म्हणाला.

दोन महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदा कामाला बोलावलं होतं. नाही कसं म्हणणार?

मुलगी गेल्यावर बायको म्हणाली, "टकल्याने कंगव्याची जाहिरात करावी तसं झालं हे."

"तिथे लागेल."

"घरी लागत नाही आणि रस्त्यावर लागेल?"

"तिथे ते काम आहे."

 यावर एका शर्टाची बाही तिने तीनदा फिरवून इस्त्री केली.

पहिल्या दिवशी तो अंघोळ करून, दाढी करून, पावणेदहाला हजर झाला. बाईंनी गादी स्वतः भरली होती. वडिलांकडून त्या हे काम शिकल्या होत्या आणि हात लावला की कापूस किती पिंजलेला आहे ते सांगायच्या. गादी इतकी मऊ होती की तो बसला आणि दचकून उठला.

"काय झालं, दादा?"

"काही नाही. खाली काही आहे की नाही ते बघितलं."

तो पडला. काचेबाहेर माणसं थांबू लागली. शाळेतली पोरं नाकं चिकटवून बघत होती. एका म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, "मेणाचा आहे का?" दुसरा म्हणाला, "मेणाचा असता तर घाम आला नसता." डुलक्याने डोळे घट्ट मिटले. जितके घट्ट मिटावेत तितकं आत लख्ख उजाडत होतं. पाच वाजता तो उठला तेव्हा एकतीस वर्षांत दमला नव्हता तितका दमला होता.

मुलगी खडू घेऊन आली. "काका, किती धरू? तीन तास?"

"झोपलो नाही."

"थोडी तरी लागली असेल."

"नाही."

"अहो, डोळे मिटलेले होते. बाहेरच्या कुणाला काय कळतंय? दोन लिहिते."

"झोपायची रोजी घेतो मी. काम झालं नाही तर झालं म्हणून कसं लिहायचं? शून्य लिही."

मुलीने आईकडे पाहिलं. बाई सुई ओवत होत्या. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "शून्य लिही."

आता खरी जाहिरात यात होती, पण ते तेव्हा तिघांनाही माहीत नव्हतं. स्वतःच्या दुकानाच्या दारात स्वतःच्या गादीला शून्य देणारा दुकानदार त्या रस्त्याने पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा दुप्पट माणसं आली. काही जण काळजीने आले, काही जण मजा बघायला.

"गादीत ढेकूण आहेत का हो?"

"अंगाई म्हणा कुणीतरी."

समोरचे शोरूमवाले काय गप्प बसतात? दुपारपर्यंत त्यांनी आपल्या काचेत एक तरणाबांड माणूस झोपवला, वर फलक लावला की इथे माणूस दहा मिनिटांत झोपतो, आणि कर्णा लावून घोरण्याचा आवाज सुरू केला. घोरणं जोरदार होतं. पण मधूनच आत गाणं लागलं की झोपलेल्या माणसाचा पाय ताल धरायचा. लोक ते बघून या बाजूला यायचे, पाटीवरचं शून्य वाचायचे आणि पुन्हा तिकडे जायचे. संध्याकाळपर्यंत रस्ता असा इकडून तिकडे हेलकावत होता.

दुसरं शून्य लिहून झालं. मुलगी माल आवरत होती. डुलक्या बाईंच्या समोर जाऊन उभा राहिला.

"बाई, तुमच्या गादीत खोट नाही. माझी झोप दोन महिन्यांपूर्वीच गेलीय. तुमच्या लेकीने पाहिला तो माणूस वेगळा होता. दारात आली तेव्हाच सांगायला हवं होतं. काम मिळतंय म्हणून गप्प बसलो. तुम्ही दुसरा माणूस बघा."

मुलीचे हात थांबले.  त्याला वाटलं, आता ऐकून घ्यायला लागणार, आणि ऐकून घ्यायची त्याची तयारी होती.

"पोत्यावर कसे झोपायचात?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"कुशीवर, पाठीवर, पालथे? दाखवा."

मागच्या खोलीत सरकीचं पोतं होतं. तो त्यावर जसा झोपायचा तसा पडला, जरा उजवीकडे कलून, एक हात डोक्याखाली. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी त्याच्या कमरेखाली हात सारून पाहिला. मग त्याला काचेतल्या गादीवर तसंच पडायला सांगितलं आणि तिथेही हात सारला.

"पोत्यावर तुमची कंबर टेकते. माझ्या गादीवर ती लोंबकळते," त्या म्हणाल्या. "खोट आहे. इतकी वर्षं मी मऊ म्हणजे चांगली असं धरून गाद्या भरल्या. दुखऱ्या कमरेचं कुणी येऊन सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत. उद्या गादी उसवू."

"पण पाटी? लोक?" मुलगी म्हणाली.

"लोकांसमोरच उसवू. तुला काचेत काहीतरी दाखवायचंच आहे ना?"

तो घरी गेला आणि बायकोला सगळं सांगितलं. दोन महिन्यांत तो इतकं सलग कधी बोलला नव्हता. "ओरडल्या नाहीत," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "नुसता हात घालून बघितला आणि म्हणाल्या खोट आहे." उचलताना पोतं फुटलं की आधी हमालाचा हात वाईट ठरतो, मग पोत्याची शिवण बघतात. शिवण आधी बघणारं माणूस त्याला नवीन होतं.

तिसऱ्या दिवशी काचेआड बाईंनी गादी उसवली. मधला कापूस काढला, घट्ट दाबून पुन्हा भरला, वर मऊ थर दिला. तो पडून बघायचा, बाई हात सारून बघायच्या, मान हलवायच्या आणि पुन्हा उसवायच्या. बाहेरचे लोक आता गप्प बघत होते. गादी आतून कशी असते ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. काही जणी घरच्या गादीच्या तक्रारी दारात उभ्या राहून सांगू लागल्या. शून्य लिहिलं गेलं, पण त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी डुलक्याला नुसतं बसवेना. बाई एकट्या मरमर करतायत आणि आपण स्टुलावर बसून राहायचं, हे त्याला गोदामात झाडलोट चुकवणाऱ्यासारखं वाटलं. त्याने दाभण मागितला. मोठी सुई आणि जाड दोरा हे त्याच्या हातचंच काम, फुटलेल्या पोत्यांची तोंडं त्याने हजारोंनी शिवली होती. त्याने गादीची एक कड धरली आणि शिवत सुटला. टाके सरळ, एकसारखे, ओढून घेतलेले. बाईंनी एकदा बघितलं आणि आपलं काम करत राहिल्या.

कोपरा आला, दुसरा आला, चारही झाले. तेव्हा बाई जवळ आल्या.

"हे काय केलंत?"

गादीच्या चारही कोपऱ्यांना मुठीएवढे गोंडे उभे होते. त्याने पोत्याला काढतात तसे कान काढले होते. हात सवयीने चालले होते, डोकं दुसरीकडे होतं.

"कान," तो ओशाळून म्हणाला. "उचलायला. पोत्याला धरायला लागतात ना. काढून टाकतो."

तोवर बाहेर उभी असलेली एक बाई थेट आत आली होती. "कान आहेत गादीला? धरू बघू." तिने एक कान धरून गादी उचलून बघितली. "अहो, गादी उन्हात टाकायची म्हणजे आमच्या घरी भांडण होतं. धरायला काही नसतं, बोटांची सालं निघतात. मला अशी करून द्या. कान जरा मोठे काढा."

बाईंनी डुलक्याकडे पाहिलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळपर्यंत तिघांनी कान असलेली गादी सांगितली. मुलीने वर्षभर डोकं लढवलं असतं तरी असली कल्पना तिला सुचली नसती, असं ती स्वतःच म्हणाली. पण डुलक्याचं मन त्यात नव्हतं. शून्य ते शून्यच होतं. आपल्याला ज्या कामाला आणलं ते अजून झालेलं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी त्याची मान कलंडली आणि वीस मिनिटांनी तो दचकून उठला. बाहेर टाळ्या पडल्या. मुलगी धावत खडू घेऊन आली.

"लिहू नको," तो म्हणाला. "डुलकी होती. झोप नव्हे."

"काका, आता तुम्ही हद्द करता. वीस मिनिटं तर वीस मिनिटं."

"डुलकीला मी झोप म्हणत नाही. मला लोक काय म्हणतात माहीत आहे ना? मला फरक कळतो."

तेव्हा तिने लिहिलं, 'शून्य. डुलकी धरलेली नाही.' त्या पाटीपुढे लोक पोट धरून हसले. हसण्यात टोचणारं काही नव्हतं. चार दिवसांत तो त्यांचा झाला होता.

सहाव्या दिवशी बाईंनी कापसाची शेवटची भरती केली आणि म्हणाल्या, "आता माझ्याकडून झालं. टाके तुम्ही घाला. सगळे."

गादीला आरपार साठ टाके बसतात. प्रत्येक टाका वरून खाली, खालून वर, ओढायचा, गाठ मारायची. दहाला त्याने सुरुवात केली. तीस टाक्यांनंतर तळवा लाल झाला, पन्नासाव्याला खांदा भरून आला. कंबर मात्र बरी होती, कारण बाईंनी त्याला बसायला उंच पाट दिला होता. जेवणाला तो उठला नाही. दोनच्या सुमारास साठावी गाठ मारली, दोरा कापला, दाभण पुसून डबीत ठेवला. मायलेकींनी कान धरून गादी उलटली आणि वर चादर घातली. त्याने हात धुतले आणि आडवा झाला.

पुढचं त्याला माहीत नाही. बायकोकडून ऐकलं ते असं.

पाच दिवस ती तिकडे फिरकली नव्हती. नवऱ्याला लोक हसतायत हे तिला बघायचं नव्हतं. त्या दिवशी कपडे पोचवून परत येताना पाय वळले. काचेपुढे गर्दी होती आणि गर्दीतून चकार शब्द येत नव्हता. तिला वाटलं, काहीतरी वाईट झालं. ती घुसली. आत नवरा उजवीकडे कलून पडला होता.

समोरच्या शोरूमचं घोरणं चालूच होतं. एक शिंपी रस्ता ओलांडून गेला आणि तिथल्या माणसाला म्हणाला, "अहो, तिकडे माणूस झोपलाय. तुमचं घोरणं बंद करा." ते बंद झालं. फळवाल्याने आपली गाडी हाताने उचलून पुढे नेली, चाक वाजू नये म्हणून. दुकानात नवी गिऱ्हाइकं होती, ती कुजबुजत मापं सांगत होती आणि बाई कुजबुजत लिहून घेत होत्या. पाच वाजले, तरी त्याला कुणी उठवलं नाही.

सव्वासहाला तो उठला, कुणी हाक न मारता. उठून बसला आणि इकडेतिकडे बघत राहिला. पोटात भूक होती. पाय जड होते, पूर्वी व्हायचे तसे. त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला तेव्हा गालावर चादरीच्या वळ्या लागल्या.

मुलगी खडू घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा पडला होता. "काका, घोटाळा झाला. गिऱ्हाइकांच्या गडबडीत तुम्ही झोपलात कधी ते मी बघितलंच नाही. तुम्हाला काही अंदाज?"

"नाही."

"मग लिहू काय?"

"माहीत नसेल तर लिहू नको."

बाहेर वाद सुरू झाला. शिंपी म्हणाला दोन वाजता, म्हातारा म्हणाला अडीचला. मग डुलक्याची बायको दार ढकलून आत आली. इस्त्रीवाली, हातात रिकामी पिशवी. मुलीने तिला ओळखलं.

"दोन चाळीसला," बायको म्हणाली. "त्याआधी नुसते पडले होते. उजव्या पायाचा अंगठा हलत असतो यांचा. झोप लागली की थांबतो. मी दोन पस्तीसला आले, पाच मिनिटांनी तो थांबला. समोरच्या घड्याळात बघून ठेवलंय."

"नक्की?"

"एवढी वर्षं बघतेय. गेले दोन महिने तो अंगठा थांबला नव्हता."

मुलीने बोटांवर हिशेब केला आणि पाटीवर लिहिलं, 'तीन तास पस्तीस मिनिटं.' बाहेर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक पाटी वाचून एकेक करून घरी गेले, काम झाल्यावर जातात तसे.

बायको गादीजवळ गेली आणि जिथे त्याची कंबर टेकली होती तिथे तिने हात ठेवला. चादर अजून गरम होती. मग ती बाईंकडे वळली. तिला बरंच बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते इतकंच, "तुमच्या घरचे कपडे आणून द्या. मी करून देईन."

"देईन," बाई म्हणाल्या. "आणि यांना जेवायला घाला आधी. सकाळपासून उपाशी आहेत."

डुलक्या सवयीने गादी झटकायला वाकला. गादीवर त्याच्या अंगाचा खोलगट आकार उमटला होता.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "त्याची मापं घ्यायचीत मला. चौघी जणी कंबरदुखीसाठी अशीच मागून गेल्यात."

तो बाजूला झाला. आभार हा शब्द त्याने कधी वापरला नव्हता. गोदामात कुणी पोतं चढवायला हात दिला की त्याचं पुढचं पोतं आपण चढवायचं, एवढंच त्याला माहीत होतं.  त्याने विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

"उद्या झोपायला दहाला. शेवटचा दिवस आहे," बाई म्हणाल्या. "परवापासून टाके घालायला. आठला दुकान उघडतं."

"साडेसातला येतो," तो म्हणाला.